टाकीत उतरलेला ऊस

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मोगलाईतल्या मोटारीची एक गोष्ट नेहमी सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारीच्या मागं लोखंडी भट्टी बसवलेली असायची. क्लिनर तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, पंखा फिरवून विस्तव फुलवायचा, आणि त्या कोळशाच्या गॅसवर मोटार चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. दादा हसून म्हणायचे, "भाडं मोटारीचं आन् चालणं आपलं."

लहानपणी मला ही थाप वाटायची. पुढं वाचनात आलं की त्याच काळात मळीपासून काढलेला अल्कोहोल पेट्रोलात मिसळायचाही खटाटोप चालू होता. संयुक्त प्रांतानं १९४० साली त्याचा कायदा केला. १९४८ साली सबंध देशासाठी 'पॉवर अल्कोहोल' कायदा आला. नंतर पेट्रोल मुबलक झालं, कायदा पडून राहिला आणि २००० साली रद्द झाला. गंमत अशी की लगेच २००१ साली मिरज आणि मनमाडला तेच मिश्रण करून बघायला सुरुवात झाली. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉल घालायचं ठरलं. आज ते वीस टक्क्यांवर गेलंय.

हे सगळं मी कौतुकानं वाचत होतो, आमची पिकअप बंद पडेपर्यंत.

गाडी पेट्रोलवरची, जुनी. पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीनं गोठ्यापुढं उभी होती. उघडीप मिळाल्यावर हळदीची पोती घालून हिंगोलीला निघालो, तर कयाधूच्या अलीकडं दोन आचके देऊन बंद. पुतण्या स्टार्टर मारून थकला. मेकॅनिकनं टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि बाटली उन्हाकडं धरली. एक थर वर, एक खाली, मधी स्वच्छ रेघ.

"काका, वरचं पेट्रोल. खालचं पाणी न् इथेनॉल."

"मिसळलेलं होतं ना? मग येगळं कामून झालं?"

इथेनॉल पाणी ओढून घेतं, हे त्यानं सांगितलं. पाणी हद्दीबाहेर गेलं की ते पेट्रोलची सोबत सोडतं आणि पाण्यासंगं तळाला बसतं. टाकीतला पंप तर तळातूनच ओढतो. एक रबरी नळीही फुगून मऊ पडली होती.

खर्चापेक्षा मला दुसरंच लागलं. माझा दोन एकर ऊस कारखान्याला जातो. खालच्या थरात कुठल्या तरी माझ्यासारख्याचाच ऊस होता. ज्याचं बिल मी घेतो, त्यानंच माझी हळद रस्त्यात उभी केली. तक्रार तरी कुणाकडं करावी?

पुतण्याचं म्हणणं पडलं, आता अर्धवट काम नको, गाडी फ्लेक्स-फ्युएलच करून टाकू. म्हणजे पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही चालेल. मेकॅनिकनं हिशेब सांगितला. एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, निव्वळ इथेनॉलला नऊच. म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. कार्बोरेटर होता तेव्हा जेटचं भोक मोठं करता यायचं. आता इंजेक्टरच्या वायरीत एक डबा जोडतात, तो फवारा जास्त वेळ उघडा ठेवतो. नळ्या, वायसर, पंप इथेनॉल सोसणारे लागतात. ॲव्हरेजही पडतं, कारण लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. शिवाय आरटीओची मंजुरी.

ब्राझीलनं हे सगळं आपल्या आधी भोगलंय. तिथं १९७५ साली उसाच्या अल्कोहोलची सरकारी योजना निघाली, १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवरच्या मोटारी विकायला आल्या. लोकांनी त्या भराभर घेतल्या. मग साखरेचा भाव चढला, कारखाने साखरेकडं वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपावर अल्कोहोल मिळेना. मोटार दारात, इंधन नाही. दोन्हींवर चालणारी गाडी तिथल्या बाजारात २००३ साली आली, ती हा चटका बसल्यावर.

आपल्याकडं वेगळं काय? २०२३ ला पाऊस कमी झाला आणि ७ डिसेंबरला केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पुढं ती ढिली झाली ते सोडा. आमच्या भागातला ऊस इसापूर धरणाच्या पाण्यावर आणि विहिरीवर. मृग कोरडा गेला की ऊस गेला, उसासंगं टाकीतलं इंधनही गेलं. म्हणून पुतण्याला म्हटलं, बाबा, करायची तर दोन्हींवर चालणारीच करू, एकाच्या भरवशावर नको.

पण निव्वळ इथेनॉल आणायचं कुठून? ५ जून २०२१ ला पुण्यात तीन ठिकाणी त्याच्या विक्रीचा प्रयोग सुरू झाला. कळमनुरीहून टाकी भरायला पुण्याला जायचं म्हटलं तर जाण्यातच दोन टाक्या लागतील.

शेवटी टाकी धुऊन घेतली, नळ्या बदलल्या. पावसाळ्यात टाकी काठोकाठ ठेवायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. डब्याचे पैसे पुतण्यानं बाजूला काढून ठेवलेत.

हळद त्या दिवशी शेजाऱ्याच्या डिझेलच्या टेम्पोतून गेली. त्याचं भाडं दिलं, आणि पोती उतरवून चढवायचं काम आम्हीच केलं.