हाली सिक्का, कलदार आणि युरो : परिचारिकेच्या पगाराची गोष्ट

१/ निजामाच्या काळात येडशीहून ‘बार्शी लाइट’ने बार्शीला उतरलेल्या प्रवाशाच्या खिशातील रुपयाची किंमत बदललेली असे. येडशी निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या मुलखात. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. आज धाराशिवची परिचारिका परदेशाचा विचार करते, तेव्हा असाच हिशेब नव्याने मांडते. त्या हिशेबाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ परिचारिकेचे मोल दोन ठिकाणी ठरते : पगार देणाऱ्या तिजोरीत आणि तिचे नाव असलेल्या नोंदवहीत. या दोहोंचा प्रवास एकत्र झाला नाही, आणि आजच्या स्थलांतराचे मूळ बरेचसे तिथेच आहे.

३/ आधी नोंदवही. मुंबई प्रांताचा परिचारिका नोंदणी कायदा १९३५ चा. मद्रासचा त्याही आधीचा, १९२६ चा. प्रत्येक प्रांताची वही वेगळी. म्हणजे परिचारिकेचा पहिला ‘परदेश’ हा शेजारचा प्रांतच होता! प्रशिक्षणाचा दर्जा सर्वत्र समान असावा, यासाठी १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

४/ आता तिजोरी. भोर समितीच्या अहवालानुसार (१९४६) देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. ४३,००० लोकांमागे एक. इतकी टंचाई असताना पगार वाढायला हवा होता. पण समितीला आढळली ती हलाखीची सेवास्थिती. असे का व्हावे?

५/ एक कारण असे की, परिचारिकांना कामावर ठेवणारे मोजकेच होते : सरकार, मिशन आणि धर्मादाय संस्था. दुसरे कारण एका शब्दात दडले आहे : ‘सेवा’. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विधवांना या व्यवसायाची वाट दाखवली, प्रतिष्ठा दिली. मात्र समाजाने ‘सेवा’ हा शब्द उचलला आणि मोबदल्याचा प्रश्न मागे ठेवला.

६/ स्वातंत्र्यानंतर १९५४ ची शेट्टी समिती आली, १९८७ मध्ये उच्चाधिकार समिती आली. दोन्हींपुढे प्रश्न तेच : वेतन, निवास, कामाचे तास. तीन दशकांनीही तोच विषय घेऊन नवी समिती नेमावी लागते, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

७/ उस्मानाबाद जिल्हा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हाली सिक्काही त्याच दशकात चलनातून गेला. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांची नोंदवही एक केली. तिजोरी मात्र एक झाली नाही.

८/ सातव्या वेतन आयोगानुसार केंद्राच्या रुग्णालयात परिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये. राज्याच्या अधिपरिचारिकेचे ३५,४००, शिवाय भत्ते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांच्या जाहिरातींत मानधन दिसते २०,००० रुपये. शिक्षण तेच, नोंदणी तीच, रात्रपाळीही तीच.

९/ परदेशी रुग्णालय मात्र वेतनश्रेणी विचारत नाही. ते विचारते : प्रशिक्षण, नोंदणी, अनुभव, भाषा. म्हणून कायम आणि कंत्राटी परिचारिका मायदेशी असमान असल्या, तरी परदेशाच्या दारात समान ठरतात. माझ्या मते या विषयाचा गाभा हाच आहे.

१०/ फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. जुलै २०२५ पासून जर्मनीत शुश्रूषा क्षेत्रातील पात्र परिचारिकेचे किमान वेतन तासाला २०.५० युरो आहे. युरो शंभर रुपयांचा धरला, तर दहा तासांत आपल्याकडचे महिन्याचे कंत्राटी मानधन!

११/ परंतु हा हिशेब अपुरा आहे. कर, विमा, घरभाडे वजा व्हायचे. भाषेची परीक्षा द्यायची. पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी दराने काम करायचे. त्यात दलालांची भीती. ती इतकी वाढली की, २०१५ मध्ये केंद्राने आखातासह १८ देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. आरंभी नेमलेल्या दोन्ही संस्था केरळच्या. म्हणजे धाराशिवहून कुवेतला जाणारी वाट तिरुवनंतपुरमवरून!

१२/ पूर्वी पेन्शन ही सरकारी नोकरीतील बेडीही होती आणि आधारही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यसेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली. बेडी सैल झाली, आधारही सैल झाला. कंत्राटी परिचारिकेला तर दोन्ही नाहीत.

१३/ म्हणून ‘मुली पैशासाठी देश सोडतात’ हे वाक्य इतिहासाला धरून नाही. नोंदवही एक करायला आपल्याला काही दशके लागली. तिजोरीतील दरी अजून तशीच आहे. ती बुजली तर परदेशी जाणे ही निवड ठरेल. तोवर अनेकींसाठी ती येडशी-बार्शीची जुनीच गाडी आहे. फक्त स्थानक लांबचे.

(समाप्त)