ऊद, शमामा की मातीचं अत्तर? तोळाभर घेण्याआधी नाकाला वेळ द्या

अकबराच्या दरबारातला विद्वान अबुल फजल काही काळ जालन्यात राहिल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये सापडते. दख्खनेतून परतताना १६०२ मध्ये त्याची हत्या झाली. त्याने आधीच लिहून ठेवलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधांवर एक अख्खं प्रकरण आहे. शाही खुशबूखान्यात काय असायचं, कशाचा तोळ्याला किती भाव, कशाचा शेराला किती, हे तो एखाद्या हिशोबनिसासारखं मांडतो. अगरूच्या लाकडाची पारखही सांगतो. पाण्यात पूर्ण बुडेल ते ‘गर्की’, सगळ्यात उत्तम. अर्धवट बुडेल ते त्याखालचं. अत्तराची तारीफ करणारे पुष्कळ भेटतात, कस लावून बघणारे थोडे. हा माणूस दुसऱ्या जातीतला होता.

आज जालना, अंबड, परतूर कुठंही ईदच्या आधी अत्तरवाल्यासमोर उभं राहिलं की गुलाब, मोगरा, मजमुआ ही ओळखीची नावं मागे पडलेली दिसतात. तरुण पोरं ऊद मागतात, शमामा मागतात, मातीचं अत्तर मागतात. आखाती देशातून आलेल्या पाहुण्याच्या कुपीचा यात मोठा हात आहे. आवड वाढली ही चांगलीच गोष्ट. पण नेहमीच्या गुलाबात फसलो तर शंभर-दोनशे जातात, ऊदच्या नावाखाली फसलो तर हजारो.

पहिला वास फसवतो

बोटाने मोसंबीची साल दाबा. भपकन् वास येतो आणि काही मिनिटांत विरतो. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण उडून जाण्याच्या बाबतीत तीही इतर लिंबूवर्गीय फळांसारखीच. अत्तरातही असंच होतं. हलके घटक आधी उडतात, फुलांचे मधल्या वेळात, आणि चंदन, अगरू, राळ, कस्तुरीसारखे जड घटक तासन् तास टिकतात. दुकानदार कुपीचं टोपण नाकाशी धरतो तेव्हा तुम्ही फक्त पहिला भाग हुंगता. निर्णय मात्र शेवटच्या भागावर व्हायला हवा, कारण संध्याकाळपर्यंत अंगावर तोच राहणार असतो.

म्हणून एका वेळी तीन, फार तर चार वास. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या, एक कोपराच्या आतल्या बाजूला. मनगटं एकमेकांवर घासू नका. दहा मिनिटांनी हुंगा, तासाभराने हुंगा, घरी जाऊन असरनंतर पुन्हा हुंगा. काही दुकानांत मध्येच कॉफीचे दाणे हुंगायला देतात. त्याची गरज नाही, बाहेर जाऊन दोन श्वास मोकळ्या हवेत घेतले किंवा आपल्याच शर्टाची बाही हुंगली तरी नाक ताळ्यावर येतं. आणि मे महिन्यात भर दुपारी परीक्षा नको. चाळिशीपार उन्हात सगळंच अंगावर येतं. जुने लोक उन्हाळ्यात वाळा, केवडा, मोगरा आणि थंडीत हिना, शमामा, ऊद वापरायचे, ते काही उगीच नाही.

‘शी, गोठ्याचा वास!’

ऊद पहिल्यांदा लावणाऱ्याची ही हमखास प्रतिक्रिया. आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘ऊद’ म्हणजे निखाऱ्यावर टाकायची, धूर देणारी राळ. दर्ग्यात जळतो तो हाच, देवळात धूपाबरोबर जळतो तोही हाच. अत्तरवाल्याचा ऊद वेगळा. तो अगरूच्या झाडाच्या लाकडातून निघतो. आसामात, विशेषतः होजाई भागात, हा धंदा मोठा आहे. निरोगी झाडाला हा वास नसतो. खोडाला इजा होऊन बुरशी शिरली की झाड बचावासाठी गडद राळ तयार करतं, तीच खरी दौलत. आसामी पद्धतीत ते लाकूड बरेच दिवस पाण्यात भिजवून मग तेल काढतात, त्यामुळे सुरुवातीला गोठा, ओलं चामडं, काढ्याचं भांडं असं काहीतरी नाकात शिरतं. कंबोडियाकडचा ऊद त्या मानाने गोडसर, फळांकडे झुकणारा.

तेव्हा गोठ्याचा वास आला म्हणून ऊद वाईट ठरत नाही आणि खराही ठरत नाही, कारण तो वासही नकली करता येतो. बघायचं ते हे, की तासाभराने तो गोठा मऊ होतो का, खालून लाकूड, थोडा मध, थोडा धूर उलगडतो का. नकली ऊद सकाळी जसा तसाच संध्याकाळी, नाहीतर दोन तासांत गुल.

मातीचं अत्तर मला या सगळ्यांत जास्त प्रामाणिक वाटतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या ‘देग’मध्ये पाण्यासोबत उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून ‘भपक्या’त जाते, तिथे चंदनाच्या तेलात मुरते. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या याच अत्तराचा उल्लेख केला होता. पण मराठवाड्याच्या नाकाने एक लक्षात ठेवावं. ही गंगेकाठची माती आहे. आपल्या काळ्या रानाचा, भेगाळलेल्या ढेकळांवर मृगाचा पाऊस पडतो तेव्हाचा दाट वास त्यात शोधू नका. ते भाजक्या मडक्यात पाणी ओतल्यासारखं, कोरडं आणि शांत आहे. लावल्यावर ‘वासच येत नाही’ वाटेल, थोडं थांबा.

शमामा म्हणजे अनेक जडीबुटी, मसाले आणि राळ एकत्र शिजवून केलेलं मिश्रण. प्रत्येक घराण्याची कृती निराळी, त्यामुळे ‘खरा शमामा’ असा एकच नमुना नाही. उटण्यातला नागरमोथा ओळखीचा असेल तर शमाम्यात तो सापडतो का बघा, मजा येते. रंग गडद असतो. पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडतो आणि निघत नाही, ईदच्या सकाळी ही आठवण ठेवा.

भावाचं गणित

तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. एक किलो शुद्ध गुलाबाच्या तेलासाठी काही टन फुलं लागतात, आणि चंदनाचं तेल स्वतःच महाग. मग तीनशे रुपये तोळ्याने ‘शुद्ध रूह गुलाब, चंदनावर’ कसा मिळेल? मिळत नाही. त्यात बहुधा कृत्रिम सुगंध आणि लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम स्वस्त द्रव असतो. तो वापरू नये असं नाही. स्वस्त आहे, छान आहे म्हणून घ्या, फक्त शुद्ध म्हणून पैसे मोजू नका.

घरगुती परीक्षा अर्ध्याच कामाच्या. कागदावर थेंब टाकून तेलकट डाग बघतात, पण चंदनाचा डागही बराच वेळ राहतो. तीव्र स्पिरिटमध्ये चंदनाचं तेल विरघळतं, पॅराफिन वेगळं राहतं, तेवढी भेसळ कळते. काही रासायनिक द्रव मात्र स्पिरिटमध्ये बेमालूम मिसळतात, तिथे ही परीक्षा हरते.

‘असली कस्तुरी’ किंवा ‘असली अंबर’ म्हणणाऱ्यापासून मात्र दूरच राहा. कस्तुरीमृग आणि स्पर्म व्हेल दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. अंबर, म्हणजे ज्याला बातम्यांत ‘व्हेलची उलटी’ म्हणतात, ते विकताना महाराष्ट्रात अनेकांना अटक झाली आहे. विकणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. बाजारातली रोजची ‘मुश्क’ अत्तरं कृत्रिम कस्तुरीची असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अल्कोहोल नको म्हणून आपल्या घरांत अत्तराला पसंती असते. स्प्रेबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावं. पण अल्कोहोल नाही म्हणजे त्रास नाही, असं समजू नका. नवीन अत्तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर ते कपड्यालाही लावू नका. जुम्म्याला खुशबू लावून जाणं सुन्नत, पण भरलेल्या मशिदीत शेजारच्या दमेकऱ्याला ऊदचा दणका बसू नये. काडीच्या टोकाएवढा पुरतो.

घेताना आधी पाव तोळा, शक्य असेल तर त्याहून लहान कुपी. ऊद आणि शमामा काचेतच ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही, आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब. सहा महिन्यांनी पुन्हा उघडाल तेव्हा चांगला ऊद आधीपेक्षा गोल झालेला असतो, मोगरा मात्र तोवर वापरून टाकलेला बरा.