अपलिंकमधील संदेशांची टक्कर आणि ती टाळण्याच्या उपायांचा इतिहास : दौंड व आर्वी केंद्रांच्या संदर्भात

प्रस्तावना

बिनतारी दळणवळणात मनोऱ्याकडून अथवा उपग्रहाकडून येणारे संदेश एकाच ठिकाणाहून प्रक्षेपित होतात. त्यामुळे त्यांचा क्रम लावणे सोपे असते. याउलट अपलिंकमध्ये, म्हणजे वापरकर्त्याकडून मनोऱ्याकडे वा उपग्रहाकडे जाणाऱ्या मार्गात, अनेक प्रेषक एकमेकांना न ऐकता एकाच ग्राहक केंद्राशी संपर्क साधू पाहतात. दोघांनी एकाच वेळी एकाच कंप्रतेवर संदेश पाठविल्यास ते परस्परांत मिसळतात व बहुधा दोन्ही वाया जातात. हीच संदेशांची टक्कर होय.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावाच्या आग्नेयेस दौंड, तर वायव्येस जुन्नर तालुक्यातील आर्वी आहे. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे टप्पे या दोन ठिकाणांशी निगडित आहेत. त्यांच्या आधारे टक्कर टाळण्याच्या उपायांचा विकास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दौंड : जागेची विभागणी

भारत व इंग्लंड यांमधील बीम रेडिओ-तार सेवेचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकी येथे, तर ग्राहक केंद्र दौंड येथे होते. आपल्याच प्रक्षेपकाच्या प्रबळ तरंगांत दूरदेशीचा क्षीण संदेश बुडून जाऊ नये, म्हणून बोलण्याची व ऐकण्याची जागा वेगळी ठेवणे इष्ट होते. शिवाय तरंग एका दिशेने एकवटल्यामुळे इतरांना होणारा अडथळाही कमी होई. प्रेषक मोजके असताना एवढा उपाय पुरेसा होता.

आर्वी : कंप्रतेची विभागणी

१९७१ मध्ये आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. पुढे त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. इंटेलसॅटच्या उपग्रहाशी अनेक देशांची केंद्रे एकाच वेळी जोडलेली असत. येथे अपलिंकसाठी सुमारे ६ गिगाहर्ट्झ, तर उपग्रहाकडून येणाऱ्या संदेशांसाठी सुमारे ४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला जाई आणि प्रत्येक केंद्रास स्वतंत्र कंप्रता नेमून दिलेली असे. टक्कर टळे, परंतु एखादे केंद्र मूक असले तरी त्याचा वाटा दुसऱ्यास सहज मिळत नसे. कालव्याच्या पाणीपाळीत एखाद्याने पाणी घेतले नाही आणि ते शेजाऱ्यासही मिळाले नाही, तर जे घडते तेच येथे घडे.

अलोहा : स्पर्धेचा स्वीकार

त्याच वर्षी, जून १९७१ मध्ये, हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘अलोहा’ यंत्रणा सुरू झाली. तिची भूमिका नेमकी उलट होती. कोणीही केव्हाही संदेश पाठवावा. पोच न आल्यास यदृच्छेने निवडलेल्या काळानंतर तो पुन्हा पाठवावा. वाट पाहण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा असल्याने तीच टक्कर पुन्हा होण्याचा संभव कमी होई. परंतु या पद्धतीत मार्गाच्या क्षमतेपैकी कमाल १८.४ टक्के भागच उपयोगी पडे. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये काळाचे समान खंड पाडून खंडाच्या आरंभीच बोलण्याचा नियम सुचविला व ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के झाली.

बोलण्यापूर्वी मार्ग मोकळा आहे की नाही ते ऐकावे, हा उपायही पुढे आला. मात्र टेकडीच्या दोन बाजूंचे प्रेषक मनोऱ्यास ऐकू जातात, परस्परांस नाही. या ‘लपलेल्या प्रेषका’च्या प्रश्नाचे विश्लेषण टोबॅगी व क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये केले. १९९७ च्या वाय-फाय मानकात आधी परवानगी मागून मग बोलण्याची सोय त्यासाठीच ठेवण्यात आली.

मोबाइल : दोन्ही मार्गांचा संगम

भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. जीएसएम पद्धतीत पहिली हाक खंडित अलोहा पद्धतीने दिली जाते. त्यानंतर फोनला स्वतंत्र कालखंड मिळतो. दूरच्या फोनचा संदेश उशिरा पोहोचून शेजारच्या कालखंडात शिरू नये, म्हणून मनोरा त्यास किंचित आधी बोलण्याची सूचना देतो. ही सोय साधारण ३५ किलोमीटरपर्यंत चालते. विरळ मनोऱ्यांच्या ग्रामीण भागात तिचे मोल विशेष आहे. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत प्रत्येक मनोऱ्याजवळ पहिल्या हाकेसाठी ६४ संकेत असतात. दोन फोनांनी एकच संकेत निवडल्यास त्यांपैकी एकास माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करावा लागतो. यात्रेच्या गर्दीत फोनवर सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसूनही फोन लागत नाही, त्याचे एक कारण येथे आहे. मनोऱ्याचा आवाज फोनपर्यंत येतो. फोनची हाक मात्र इतरांच्या हाकांत हरवते.

निष्कर्ष

या आढाव्यावरून असे दिसते की, नव्या उपायाने जुना उपाय बाद केलेला नाही. दौंडची दिशा व अंतराची विभागणी, आर्वीची नेमून दिलेली कंप्रता आणि हवाई येथील यादृच्छिक स्पर्धा हे तिन्ही घटक आजच्या जाळ्यात एकत्र नांदतात. कोणाला बोलायचे आहे हे मनोऱ्यास आधी ठाऊक नसते. म्हणून पहिल्या हाकेची टक्कर पूर्णतः टाळता येत नाही, ती त्या एका क्षणापुरती मर्यादित करता येते. हा प्रश्न जितका तंत्राचा, तितकाच सामाईक साधनाच्या न्याय्य वाटपाचा आहे. म्हणूनच दौंड व आर्वी या केंद्रांची नोंद केवळ अभियांत्रिकीच्या नव्हे, तर पुणे जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातही होणे आवश्यक आहे.