मोजमाप कोणाच्या हाती? ऊर्जेचे वादग्रस्त दावे, स्वयंचलन आणि डहाणू-तलासरी

अमर्याद ऊर्जा सापडली की माणसाचे कष्ट संपतील आणि यंत्र आपणहून चालू लागले की मजुराला उसंत मिळेल, ही दोन आश्वासने बहुधा जोडीनेच दिली जातात. पहिल्याची शहानिशा पदार्थविज्ञानाने करायची आणि दुसऱ्याची अर्थशास्त्राने, असा रिवाज आहे. माझ्या मते दोन्हींना एकच कसोटी लावली पाहिजे. दावा करणाऱ्याने काय मोजले, काय मोजायचे टाळले, आणि ज्याला परिणाम भोगायचे आहेत त्याला ते मोजमाप तपासता येते का? पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे डहाणू आणि तलासरी हे तालुके या कसोटीसाठी फार योग्य आहेत. डहाणूत ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, दक्षिणेला शेजारीच तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे, आणि याच पट्ट्यात गवतकापणीच्या दरासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या आहेत.

ऊर्जेच्या वादग्रस्त शोधांचे तीन प्रकार वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण चर्चेत ते सर्रास एकत्र केले जातात.

पहिला प्रकार ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच मोडू पाहणाऱ्या यंत्रांचा. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पाऱ्याच्या जोरावर आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित झाला, म्हणून भास्कराचार्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु आपल्याच काळात कैगा अणुवीज प्रकल्पाची जबाबदारी सांभाळलेले अभियंते परमहंस तिवारी यांनी, घेतलेल्या विजेपेक्षा जास्त वीज देणाऱ्या जनित्राचा दावा अनेक वर्षे मांडला. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण अशा यंत्राची चाचणी अगदी सोपी आहे. निघालेल्या विजेचा एक भाग यंत्रालाच परत द्यायचा, बाहेरची जोडणी तोडायची, आणि त्रयस्थांनी मोहोरबंद केलेल्या खोलीत ते महिनाभर चालू ठेवायचे. ही परीक्षा उघडपणे पार पडत नाही तोवर त्यावर सार्वजनिक पैसा लावू नये.

दुसरा प्रकार अधिक अवघड आहे. इथे मूलभूत नियम मोडत नाही, पण घडले म्हणतात ते खरोखर घडले का याबद्दल वाद असतो. याचा सर्वांत बोधप्रद इतिहास ट्रॉम्ब्यात घडला. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी जाहीर केले की, जड पाण्यात पॅलेडियमची कांडी ठेवून वीजप्रवाह सोडला तर रासायनिक क्रियेतून निघू शकणार नाही इतकी उष्णता निघते. म्हणजेच साध्या तपमानाला अणुसंमीलन, ज्याला शीत संमीलन म्हणतात, ते होते. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी लगेच प्रयोगांना चालना दिली. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, त्यामुळे ते पाणी आणि ते हाताळणारे तज्ज्ञ दोन्ही हाताशी होते. महादेव श्रीनिवासन यांच्यासह अनेक गटांनी काम केले आणि वर्षाअखेरच्या अहवालात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचे नोंदवले.

अडचण त्या नोंदींतच होती. जड पाण्यातल्या ड्यूटेरियम या जड हायड्रोजनची दोन अणुकेंद्रे एकत्र आली तर साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम तयार होते. दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे हवे. ट्रॉम्ब्यात ट्रिटियम न्यूट्रॉनच्या कोटीपटीच्या घरात दिसले. याचे दोन अर्थ लागतात. एक तर पदार्थविज्ञानाला अपरिचित अशी क्रिया घडत होती, नाहीतर मोजणीत बाहेरून काही शिरले होते. जड पाण्यात मुळातच थोडे ट्रिटियम असते, हे विसरता येत नाही. उष्णतेच्या मोजणीतही अशीच फट आहे. जड पाण्याचे विघटन होताना सुमारे १.५३ व्होल्ट दाबाच्या हिशेबाने येणारी ऊर्जा वायूंबरोबर बाहेर जाते असे धरून ती हिशेबातून वजा करतात. पण ते वायू भांड्यातच पुन्हा एकत्र आले तर वजा केलेली उष्णता आतच राहते आणि ‘जादा’ म्हणून दिसते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्ब्यातले हे काम थांबले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८९ आणि २००४ मध्ये घेतलेल्या आढाव्यांत पुरावा पटण्याजोगा ठरला नाही. गूगलच्या पैशावर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयत्नांतही शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. तरीही अय्यंगारांनी प्रयोग केले ते योग्यच केले, असे मी ठामपणे म्हणेन. त्यांनी आकडे छापले, म्हणून तर त्यांतली विसंगती इतरांना दिसली. याउलट इटलीचे आंद्रेआ रॉसी यांनी २०११ मध्ये बोलोन्यात ‘ई-कॅट’ हे अशाच दाव्याचे यंत्र दाखवले, आतली कृती गुपित ठेवली, आणि अखेर २०१६ मध्ये गुंतवणूकदार कंपनीशी प्रकरण न्यायालयात गेले. अय्यंगार आणि रॉसी यांना एका पंक्तीत बसवणारे दोन्ही बाजूंचे लोक शास्त्राचे नुकसान करतात.

तिसऱ्या प्रकारात तंत्र निर्विवाद असते, वाद असतो तो त्याच्या गरजेचा आणि खर्चाचा. डहाणूचा खरा अनुभव हा आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. मुंबईच्या उपनगरांसाठी उभारलेले औष्णिक केंद्र १९९५-९६ मध्ये सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. धुरातला गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ते चालू झाले २००७ मध्ये. यात गूढ असे काही नव्हते. समुद्राच्या पाण्यात अल्कधर्मी क्षार असतात. धूर त्या पाण्यातून नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळतो आणि त्याची आम्लता मरते. चिकूच्या बागा, भातशेती आणि खाडी यांना काय सोसावे लागेल हे विचारायला, आणि चिमणीतून काय बाहेर पडते याचा हिशेब मागायला एक संस्था होती, म्हणून हे घडले. नव्या शोधाची वाट पाहण्यात जेवढा उत्साह खर्च होतो, त्याचा काही हिस्सा सिद्ध झालेले तंत्र वेळेवर बसवण्यात गेला असता, तर ही आठ वर्षे वाचली असती.

आता स्वयंचलन. माणसाच्या हाताचे आणि नजरेचे काम यंत्राने करणे, एवढाच अर्थ इथे धरू. ज्याचे कष्ट वाचतात आणि ज्याला त्या बचतीचा फायदा मिळतो ती व्यक्ती एकच असेल, तर यंत्रावर वाद होत नाही. गावात भाताची गिरणी आली तेव्हा उखळ-मुसळ सुटल्याचे दुःख इथल्या कोणत्याही वारली आदिवासी बाईने केल्याचे मला माहीत नाही. कांडणाची मजुरी तिला कोणी देतच नव्हते. वाचलेला वेळ तिचाच होता. कष्ट एकाचे वाचतात आणि पैसा दुसऱ्याचा वाचतो, तिथे मात्र भांडण सुरू होते.

हे भांडण इथे कोणत्याही संगणकाच्या आधी झाले. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत डहाणू-उंबरगावच्या माळांवरून जाई. २३ मे १९४५ रोजी झरी या आज तलासरी तालुक्यात असलेल्या गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठ बंद करण्याची लढाई उभी राहिली, आणि त्याच पावसाळ्याअखेर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. त्या मागणीचे स्वरूप मला आकड्याहूनही महत्त्वाचे वाटते. मालकाच्या मर्जीवर असलेली मजुरी तिने वजनाला बांधली. किती कापले हे कोणालाही काट्यावर पाहता येणार होते.

आज तेच गवत खांद्यावरच्या ब्रश कटरने भराभर कापता येते. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. विळ्याने दिवसभर वाकून कापणे हा काही कोणाचा हक्क नव्हे. परंतु कापणीचे जे दिवस गेले ते कोणत्याही नोंदवहीत उतरत नाहीत. यंत्राची उत्पादकता तेवढी मोजली जाते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हा प्रश्न सरळ हाताळला होता: कंत्राटदार नको, मजुरांना हटवणारी यंत्रे शक्यतो नकोत, खर्चातला किमान ६० टक्के हिस्सा अकुशल मजुरीचा. तिथेही मजुरी अखेर खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे, आणि माप घ्यायला अभियंता कधी येतो यावर मजुराचा पुढचा आठवडा अवलंबून राही.

यंत्र काम संपवते असेही नाही. ते काम दुसरीकडे हलवते. वेरावळ-पोरबंदरच्या यांत्रिक ट्रॉलरवर खलाशी म्हणून तलासरी-डहाणूचे आदिवासी तरुण महिनोन्महिने राहतात. इंजिनाने बोट खोल समुद्रात नेली, पण जाळे ओढायला आणि मासळी निवडायला हात लागतातच. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगातही पडले. ट्रॉलर मालकाच्या जमाखर्चात डिझेल आणि मासळी असते. खलाशाच्या घरचा हा खर्च त्यात कुठेच नसतो.

हीच कसोटी आता डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला लावली पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या, सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या बंदरात प्रत्येकी हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स उभी राहायची आहेत. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून बारा लाख रोजगारांचा दावा सरकारने केला आहे. रॉटरडॅममध्ये १९९३ पासून माणसाविना धावणाऱ्या गाड्या कंटेनर वाहतात. केरळातल्या विळिंजमच्या बंदरातही क्रेन नियंत्रणकक्षातून चालतात. तिथे आसपासच्या गावांतल्या काही महिलांना ते काम शिकवून दिले गेले, ही चांगली गोष्ट आहे. पण अशा बंदरात माल जितका वाढतो तितके हात वाढत नाहीत. म्हणून बारा लाख हा आकडा मी ऊर्जेच्या दाव्यासारखाच वाचतो. त्यातली कामे बांधकामापुरती किती, कायमची किती? ती मिळण्यासाठी शिक्षण कोणते लागेल? आणि मासेमारीचे जे दिवस बुडतील ते वजा केले आहेत का?

डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे, आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे. इथल्या ग्रामसभांनी या प्रश्नांची उत्तरे बंदर चालू होण्याआधी लेखी मागावीत, आणि दर वर्षी प्रत्यक्ष रोजगाराची मोजणी करणाऱ्या समितीत मच्छीमार आणि शेतमजूर यांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत असा ठराव करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.