स्टुडिओतले अवकाश आणि न जुळणारी धूळ

जून २०२५मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले आणि तेथे तरंगतानाची त्यांची दृश्ये देशभर पाहिली गेली. अशा दृश्यांखाली ‘हे सारे स्टुडिओत केले आहे’ असा शेरा कोणीतरी मारतोच. त्यावर चिडण्यापेक्षा विचारावे : स्टुडिओत अवकाश उभे करायचे तर नेमके काय करावे लागते? याचे उत्तम उत्तर स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाच्या निर्मितीत मिळते. १९६८ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या आदल्या वर्षी, तो प्रदर्शित झाला. संगणकाने चित्रे घडवण्याचे तंत्र तेव्हा हाताशी नव्हते.

त्यातील अंतराळवीर गोलाकार दालनात धावत धावत थेट छतापर्यंत चढताना दिसतो. त्यासाठी इंग्लंडमधील व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या कंपनीने सुमारे ११.६ मीटर व्यासाचे, ३० टनांचे फिरते चक्र बांधले. खर्च आला साडेसात लाख डॉलर. नट प्रत्यक्षात तळाशीच धावत असे, चक्र त्याच्या पायांखालून सरके आणि कॅमेरा चक्रालाच जखडलेला असे. त्यामुळे प्रेक्षकाला चक्र स्थिर आणि माणूस चढता भासे.

आता थोडे गणित. चक्राच्या कडेचा वेग जास्तीत जास्त ताशी ५ किलोमीटरच्या आसपास होता. त्यातून कडेला मिळणारे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम ३ टक्के. पूर्ण गुरुत्वाचा आभास हवा असेल तर कडेला ताशी २७ किलोमीटर वेग लागेल; म्हणजे पाच सेकंदांच्या आत एक फेरी. तेव्हाही उभ्या माणसाच्या डोक्यापाशी हे त्वरण पायांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी भरेल आणि मान वळवताच घेरी येईल. लहान चक्राची ही अडचण आजच्या अभियंत्यांनाही चुकलेली नाही.

इतर युक्त्या याहून साध्या होत्या. हवेत तरंगणारे पेन काचेच्या मोठ्या तावदानाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावले होते. यानाबाहेर तरंगणारा अंतराळवीर तारांना टांगलेला होता. कॅमेरा बरोबर त्याच्या खाली ठेवल्याने तारा त्याच्याच शरीराआड लपल्या. आरंभीची आफ्रिकेची भूदृश्येही स्टुडिओतलीच. त्यांची छायाचित्रे समोरून एका विशेष पडद्यावर टाकली होती. पडद्यावरचे सूक्ष्म काचमणी प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतात. रात्री रस्त्यावरील फलक वाहनाच्या दिव्यांत उजळतात ते याच तत्त्वाने. त्या प्रसंगातील बिबट्याचे डोळे मात्र अचानक झळकतात. त्याच्या डोळ्यांतील परावर्तक थरही प्रकाश उगमाकडे परतवतो. येथे युक्तीच उघडी पडली.

आणि चंद्र? तेथे हे सारे कसब थिटे पडले. चित्रपटात यान चंद्रतळावर उतरताना धूळ ढगासारखी लोळते, कारण स्टुडिओत हवा होती. चंद्रतळावरची माणसे पृथ्वीवरल्यासारखीच चालतात, कारण गुरुत्वही पृथ्वीचेच होते. चित्रफीत सुमारे अडीचपट संथ केली तर पडणारी वस्तू चंद्रावरल्यासारखी पडताना दिसेल, कारण सहाचे वर्गमूळ २.४५ आहे. पण हवा तशीच राहील आणि बारीक धूळ तरंगतच राहील. १९७२ साली अपोलो १६च्या बग्गीच्या चाकांनी उडवलेली धूळ मात्र ढग न करता, स्वच्छ वक्ररेषेत खाली येते. हे दृश्य पृथ्वीवर घडवायचे तर बग्गी पळवता येईल एवढे विस्तीर्ण निर्वात मैदान हवे.

आपल्याकडे आणखी एक साक्ष आहे. २०२१ साली चांद्रयान-२च्या कॅमेऱ्याने अपोलो ११च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र टिपले. ते ‘इस्रो’चे आहे, ‘नासा’चे नव्हे.

क्युब्रिक यांच्या कलाकारांनी डोळ्यांना चकवले. धुळीच्या कणांना चकवणे त्यांच्याही हाती नव्हते. म्हणून पुढच्या वेळी अवकाशातले कोणतेही दृश्य समोर आले, की विद्यार्थी मित्रांनो, चेहऱ्याआधी धूळ, पाणी आणि सुटे टोक पाहा. पडायला लागणारा वेळ मोजा. ज्याला मोजता येते, त्याला फसवणे फार अवघड जाते.