बँक-वकिली, वऱ्हाडातील

बँका, पतसंस्था आणि वित्तकंपन्या यांच्या कर्जव्यवहारांचे दस्त तयार करणे, तारण म्हणून येणाऱ्या मालमत्तेचा मालकीहक्क तपासणे व थकलेल्या कर्जाची वसुली न्यायालये आणि सहकार खात्याचे अधिकारी यांच्यापुढे चालवणे, अशा तीन कामांचा मिळून हा व्यवसाय बनतो. वऱ्हाड म्हणजे येथे अमरावती महसूल विभागातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे पाच जिल्हे धरले आहेत.

मुंबईत हे काम प्रामुख्याने भागीदारीतील लॉ फर्म करतात. त्यांची परंपरा जुनी आहे : क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० पासून, लिटल आणि कंपनी १८५६ पासून, तर वाडिया घांडी १८८३ पासून चालत आली आहे. मोठ्या उद्योगांना अनेक बँकांनी मिळून दिलेली कर्जे, रोखे आणि परकीय चलनातील उसनवारी हे आजच्या मोठ्या फर्मचे क्षेत्र होय. चेंबर्स अँड पार्टनर्स, लीगल ५०० यांसारख्या लंडनच्या निर्देशिका दरवर्षी अशा फर्मची प्रतवारी लावतात आणि ‘अग्रगण्य’ हे विशेषण तेथून येते. अकोला किंवा अमरावतीला ही मोजपट्टी लागू पडत नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवण्यास मनाई आहे, आणि वऱ्हाडातील बँक-वकिलीचा कणा फर्म हा नसून एकट्या वकिलाचे कार्यालय हा आहे. जठारपेठ, रामदासपेठ यांसारख्या अकोल्यातील वस्त्यांत राहत्या घराच्या दर्शनी खोलीत थाटलेले, दोन-तीन कनिष्ठ वकील आणि एक मुरलेला कारकून यांच्या बळावर चालणारे कार्यालय हा त्याचा नमुना होय. तेथे मानाची खूण एकच असते, ती म्हणजे किती बँकांच्या पॅनेलवर, म्हणजे बँकेने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत, संबंधिताचे नाव आहे.

या व्यवसायाचे मूळ कापसात आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला आणि अकोला, बडनेरामार्गे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचल्याने मुंबईचा पैसा थेट खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारात उतरला. कारंजा येथील नियंत्रित बाजार (१८८६) आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा ही त्या उलाढालीची कायदेशीर अपत्ये होत. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल लागे आणि ती देणारा सावकार जमीन गहाण घेई. जुन्या निवाड्यांत ‘गहाण-लहाण’ म्हणून ओळखला जाणारा दस्त त्यांपैकी सर्वांत कडक होता, कारण ठरल्या मुदतीत रक्कम फिटली नाही तर गहाणाचेच खरेदीत रूपांतर व्हावे, अशी अट त्यात असे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये याच जातीच्या व्यवहाराला सशर्त विक्रीद्वारे गहाण म्हटले आहे. १९२९ मध्ये त्याला परंतुक जोडण्यात आले की, परत विकण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. हेतू वाद कमी करण्याचा होता. तथापि खरेदीखत एक आणि परत करण्याचा करार वेगळा, असे दोन कागद करून घेण्याची वाट त्यामुळे चतुर धनकोला मोकळी झाली, आणि असे दुहेरी कागद पुढे दशकानुदशके दिवाणी न्यायालयांत येत राहिले.

वऱ्हाडी वकिलीची पहिली मोठी पिढी अमरावतीची होती. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे, मोरोपंत जोशी आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे तिघेही वकील होते. त्यांची कीर्ती राजकारणामुळे टिकली, पण ती ज्या मिळकतीवर उभी होती ती वकिलीची, आणि कापसाच्या मुलखातील दिवाणी दावे म्हणजे बऱ्याच अंशी जमीन व कर्ज यांचे दावे. मंदीच्या काळात कापसाचा भाव कोसळल्यावर कायद्याचे पारडे ऋणकोकडे झुकले. मध्य प्रांताचा १९३३ चा कर्ज समेट कायदा, १९३४ चा सावकारी कायदा आणि १९३९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड कर्जनिवारण कायदा ही त्याची पावले होत. यांपैकी पहिला ‘कर्ज लवाद कायदा’ या नावाने लोकांच्या लक्षात राहिला व डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. सावकाराचे खाते उघडून मुद्दल किती आणि व्याज किती हे सरकारी मंडळापुढे मांडण्याची सवय वकिलांना या कायद्यांनी लावली. अपिलांचे ठिकाण मात्र पूर्वीप्रमाणेच पूर्वेला राहिले : १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आले.

आजच्या बँक-वकिलीचा पाया शोध अहवाल हा आहे. व्यवहारात त्याला ‘सर्च रिपोर्ट’ म्हणतात. कर्जदाराने देऊ केलेल्या मालमत्तेवर त्याचा निर्वेध हक्क आहे किंवा कसे, याचा साधारणपणे मागील ३० वर्षांच्या नोंदी पाहून वकिलाने दिलेला तो लेखी अभिप्राय असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक २, तलाठ्याकडील सातबारा व आठ-अ आणि फेरफार नोंदी हे महाराष्ट्रात सर्वत्र पाहिले जातात. विदर्भात त्यांच्या जोडीला १९५४–५५ चा अधिकार अभिलेख पाहावा लागतो, कारण हा भाग तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या वेळच्या नोंदीवर पुढची सगळी साखळी लोंबकळत असते. शेतजमिनीच्या हस्तांतरणाला लागू असलेला कूळ कायदाही निराळा, म्हणजे विदर्भ विभागासाठीचा १९५८ चा आहे, त्यामुळे पुण्याच्या वकिलाला तोंडपाठ असलेली कलमे येथे उपयोगी पडत नाहीत. शहरात अडचण नझूलची असते. नझूल म्हणजे गावठाणातील व शहरातील सरकारी मालकीची जमीन. ती भाडेपट्ट्याने दिलेली असते, भोगवटादार पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर घर बांधून राहत असतो व तिला आपलीच समजतो, आणि कर्ज मागायला गेल्यावर आखीव पत्रिकेवरून कळते की पट्ट्याची मुदत संपून गेली आहे. नूतनीकरण होईपर्यंत अनुभवी वकील अशा तारणाला हिरवा कंदील दाखवत नाही. मेळघाटात आणि इतरत्रही आदिवासी खातेदाराची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ मधील निर्बंधांमुळे बिगर-आदिवासीकडे सहजासहजी जाऊ शकत नाही. म्हणून ती लिलावात विकून वसुली होईल, हे गृहीत धरता येत नाही.

गहाणाच्या प्रकारांपैकी नोंदणीकृत गहाणखत आणि हक्काचे मूळ दस्त बँकेत ठेवून होणारे गहाण हे दोन अधिक वापरात आहेत. दुसऱ्या प्रकारात वेगळ्या गहाणखताची नोंदणी लागत नसे. परंतु १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात नोंदणी कायद्याच्या कलम ८९-ब खाली अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, त्यामुळे एकच घर दोन बँकांना दाखवण्याचा उद्योग अवघड झाला. अकोल्याच्या डाळ मिलना किंवा जिनिंग कारखान्यांना लागणारे खेळते भांडवल मालाच्या नजरगहाणावर दिले जाते : नजरगहाणात माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो आणि बँकेचा हक्क कागदावर असतो. गावपातळीवरील पीककर्जाचे तारण याहून साधे असते. सेवा सहकारी संस्थेचा सभासद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ खाली इकरार लिहून देतो व त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढतो. तो कर्ज फिटल्यावर उतरवून घ्यायला विसरलेला शेतकरी वीस वर्षांनी वकिलाच्या दारात उभा राहतो, आणि तोवर संस्थेचे दप्तर कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

वसुलीच्या कामात वऱ्हाडचे वेगळेपण अधिक ठळक दिसते. थकीत कर्ज न्यायालयात न जाता वसूल करण्याचा अधिकार बँकांना सरफेसी अधिनियम, २००२ ने दिला : कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर कलम १३(४) खाली ताबा, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांचे साहाय्य, असा त्याचा क्रम आहे. कर्जदाराला त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र कलम ३१ ने शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे, आणि वऱ्हाडासारख्या शेतीच्या मुलखात ही एक ओळ बाकी सगळ्या कायद्याइतकीच वजनदार ठरते. शहराच्या कडेला असलेली, कागदोपत्री अकृषक झालेली पण अजून तूर उभी असलेली जमीन शेतजमीन म्हणायची की भूखंड, हा वाद नेहमीचा आहे. इंडियन बँक विरुद्ध के. पप्पीरेड्डियार (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून ठरवावा असे सांगितले, म्हणजे व्यवहारात तो पुन्हा वकिलांच्या पुराव्यावर सोडला. न्यायाधिकरण नागपूरला, त्याचे अपील मुंबईला आणि दिवाळखोरी संहितेखालील कंपनीविधी न्यायाधिकरणाचे पीठही मुंबईलाच असल्यामुळे अकोल्याचा वकील संचिका तयार करतो आणि ती चालवण्याचे काम पुष्कळदा तेथील सहकाऱ्याकडे सोपवतो.

सहकारी कर्जाची वाट याहून जुनी आणि स्थानिक वकिलाच्या अधिक हाताखालची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो. तो मिळाला की दिवाणी दाव्याची गरज उरत नाही आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे वसुली व विक्री अधिकारी जप्ती व लिलाव करू शकतो. ‘एकशे एकचा दाखला’ हा शब्द वऱ्हाडातील जामीनदारालाही ठाऊक असतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि याच पायरीवर बहुतेकांची लढाई संपते. बुलढाणा अर्बनसारख्या बहुराज्यीय पतसंस्थेला ही वाट लागू नाही. तिचे वाद बहुराज्यीय सहकारी संस्था अधिनियम, २००२ च्या कलम ८४ खाली लवादापुढे जातात. सहकारी बँकांना कोणता कायदा लागू, हाच प्रश्न बराच काळ धूसर होता. २००७ मध्ये ग्रेटर बॉम्बे सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कर्जवसुली न्यायाधिकरणाचे दार बंद केले, तर ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले प्रकरणात घटनापीठाने सरफेसी कायदा त्यांना लागू असल्याचे ठरवले. तेव्हापासून नागरी सहकारी बँकेच्या पॅनेल-वकिलाला एकशे एक, सरफेसी की दोन्ही, याचा हिशेब प्रत्येक खात्यागणिक करावा लागतो.

संख्येने मोठे, पण वकिली कौशल्याच्या दृष्टीने दुय्यम काम धनादेश न वटल्याच्या फिर्यादींचे आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ विषयीचा देशभर गाजलेला दशरथ रूपसिंग राठोड निवाडा (२०१४) ज्या अपिलांवर झाला, त्यांपैकी एकाचा उगम यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसच्या न्यायालयात होता : धनादेश भंडाऱ्याच्या शाखेवरचा, वटवायला टाकला दिग्रसला, मग फिर्याद कोठे चालणार? सर्वोच्च न्यायालयाने धनादेश ज्या शाखेवर काढला ते ठिकाण धरले, देशभरातील खटले जागचे हलले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने संसदेने ते पुन्हा धनादेश घेणाऱ्याच्या बँकेच्या ठिकाणी आणले.

बँकांच्या जोडीला सावकारी संपलेली नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली अवैध सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत देववण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला आहे. खरेदीखत खरे की कर्जाचे आवरण, हा गहाण-लहाणाच्या काळचा प्रश्न त्यामुळे दिवाणी न्यायाधीशाऐवजी सहकार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे आला आहे, आणि एकाच वकिलाला सकाळी बँकेची बाजू व दुपारी ऋणकोची बाजू मांडावी लागणे हे येथे विसंगत मानले जात नाही.

पॅनेल-वकिलाची जबाबदारी किती, हे केंद्रीय अन्वेषण विभाग विरुद्ध के. नारायण राव (२०१२) या निवाड्याने आखून दिले : चुकीचा अभिप्राय दिला एवढ्यावरून वकील फसवणुकीच्या कटातील आरोपी ठरत नाही, इतरांशी संगनमत केल्याचा पुरावा हवा. व्यावसायिक निष्काळजीपणाचे उत्तर मात्र त्याला द्यावे लागते, आणि फसवणुकीशी संबंध आढळलेल्या वकिलांची नावे बँका आपल्या संघटनेमार्फत एकमेकींना कळवत असल्याने एका यादीतून गेलेले नाव दुसऱ्या यादीतही टिकणे कठीण असते. म्हणून संगणकावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा क्षणात मिळू लागल्यानंतरही संगणकीकरणापूर्वीच्या सूचीसाठी कारकुनाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन वहीची पाने उलटावी लागतात, आणि त्याने टिपून आणलेला दस्त क्रमांक वकील मूळ खरेदीखताशी स्वतः ताडून पाहतो.