ध्रुवता : एक संज्ञा आणि एक प्रथिन

‘ध्रुव’ म्हणजे अचल. प्राणिपेशीच्या दोन बाजूंमधील भेदाला मराठी परिभाषेने ‘ध्रुवता’ म्हटले, तेव्हा अचलतेची ही छटाही त्या संज्ञेसोबत आली. वास्तविक हा भेद पेशीला सतत राखावा लागतो. एका प्रथिनाचा इतिहास त्याची साक्ष देतो. त्यातील अलीकडचा एक भाग मुंबईत घडला आहे.

१९३० नंतरच्या दशकात एर्न्स्ट हाडोर्न यांनी फळमाशीच्या एका उत्परिवर्तनाचा अभ्यास केला. त्यातील अळ्या प्रमाणाबाहेर फुगत व प्रौढ न होताच मरत. म्हणून त्या जनुकास ‘मारक महाकाय अळी’ अशा अर्थाचे नाव पडले. ‘एलजीएल’ हा त्याचाच संक्षेप. येथे नामकरणाची रीत पाहण्याजोगी आहे. जनुक काय करते हे नाव सांगत नाही. ते नसता काय बिघडते, एवढेच सांगते. अभ्यासकांची दृष्टी दीर्घकाळ ग्रंथी आणि अर्बुद यांवरच खिळली, याला हे नावही काही अंशी कारण असावे, असे मला वाटते.

ध्रुवतेचा धागा निराळ्याच प्राण्यात सापडला. सूत्रकृमीच्या गर्भाचे पहिले विभाजन विषम असते. ते सम करून टाकणारी उत्परिवर्तने केम्फ्यूझ व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. त्यांतून उलगडलेली ‘पार’ प्रथिने पेशीच्या दोन टोकांस राहून परस्परांना हुसकावून लावतात. पुढे २००० साली बिल्डर, ली व पेरीमाँ यांनी एलजीएलचे नाते पेशीच्या ध्रुवतेशी जोडले. २००३ साली यंत्रणाही स्पष्ट झाली : एपीकेसी हे प्रथिन एलजीएलला फॉस्फेट जोडते आणि त्याला पेशीपटलावरून दूर सारते. सीमा आहे, पण ती कोणी आखून दिलेली नाही. उभय पक्षांच्या रेट्यातून ती टिकते.

महेन्द्र सोनवणे यांनी ट्यूबिंगेन येथे नुस्लाइन-फोलहार्ड यांच्यासमवेत २००५ साली झेब्रामाशाच्या त्वचेत दाखविले की, एलजीएल-२ नसता तळच्या थरातील पेशींना आधारपटलाशी जखडणारे सांधे तयार होत नाहीत. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या गटाने २०१६ साली वरच्या थराकडे लक्ष वळविले. त्या पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म कंगोरे असतात. एपीकेसी निकामी झाले, की एलजीएल माथ्यावर ठाण मांडते आणि कंगोरे अवाजवी लांबतात. झेब्रामाशातील या एपीकेसी-जनुकाचे नाव मात्र ‘हृदय आणि आत्मा’ असे आहे; त्यात ना ध्रुवतेचा उल्लेख, ना त्वचेचा.